नित्यपाठ : पोथी वाचावी कशी, मुरवावी कशी



आज निरूपणाला विषय घेतला आहे नित्यपाठाचा. पोथी रोज का वाचायची, किती वाचायची, आणि वाचून शहाणपण येतं म्हणजे नेमकं काय येतं? आपल्या बोरी अरबकडे, दारव्ह्याकडे, अख्ख्या वऱ्हाडात वाचनाला तोटा नाही. गावोगाव सप्ताह बसतात, ज्ञानेश्वरीची पारायणं होतात. घराघरात गजानन विजय आहे, गुरुचरित्र आहे. त्या गुरुचरित्रातले नृसिंह सरस्वती जन्मले ते कारंजाला, म्हणजे आपल्या शेजारीच. मुंगसाजी महाराजांचं धामणगाव देव तर आपल्याच तालुक्यात. भूमी पुण्याची आहे, पोथ्या घरात आहेत, वाचणारेही आहेत. मग अडतं कुठं?

अडतं ते असं. एखादा माणूस पारायणाला बसतो. सात दिवस एकभुक्त राहतो, मांडी मोडत नाही. आठव्या दिवशी काल्याचा प्रसाद घेऊन घरी जातो. आणि नवव्या दिवशी हातभर धुऱ्यासाठी सख्ख्या भावाच्या अंगावर धावून जातो. बायको म्हणते, "अजी, कालपर्यंत तं पोथीवर बसले होते ना तुमी!" तो म्हणतो, "पोथी वेगळी आन् वावर वेगळं."

हसू नका माउली, हा माणूस आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. थोडा थोडा आपल्या अंगातही आहे. "पोथी वेगळी आन् वावर वेगळं" या एका वाक्यात सगळी अडचण आली. ती कशी सुटते, तेवढंच आज बघायचं आहे.

ही अडचण आजकालची नाही. फार जुनी आहे, आणि ती कुणाला आली होती? प्रत्यक्ष नारदाला. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात ही कथा आहे. नारद सनत्कुमारांकडे गेले आणि म्हणाले, महाराज, मला शिकवा. सनत्कुमार म्हणाले, आधी तुला काय येतं ते सांग, म्हणजे त्याच्या पुढचं सांगतो. नारदांनी यादी सुरू केली. चारही वेद झाले, इतिहास-पुराणं झाली, व्याकरण झालं, गणित झालं, नक्षत्रविद्या झाली, सर्पविद्यासुद्धा झाली. यादी संपता संपेना. आणि एवढं सांगून झाल्यावर नारद काय म्हणाले? म्हणाले, मला मंत्र येतात, आत्मा कळला नाही. आत्मा ज्याला कळतो तो शोक तरून जातो, असं मी ऐकलं आहे. मला तर शोक होतो. मला त्याच्या पलीकडे न्या.

बघा हो, नारदासारखा श्रोता! आपल्याजवळ काय आहे तेही सांगितलं, आणि काय नाही तेही लपवलं नाही. सनत्कुमारांनी उत्तर दिलं की तू जे शिकलास ते सगळं नाममात्र आहे. आणि तिथून त्यांनी त्याला पायरी पायरीनं वर नेलं. ध्यानात घ्या, त्यांनी नारदाला "वाचलंस ते टाकून दे" असं म्हटलं नाही. "तिथंच थांबू नकोस" असं शिकवलं. माहिती आणि शहाणपण यांच्यातला फरक या कथेत आहे. माहिती तोंडात राहते. शहाणपण दुःखाच्या वेळी, रागाच्या वेळी, लोभाच्या वेळी उपयोगी पडतं.

आता ही माहिती शहाणपण होते कशी? आपल्याकडे त्याला तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : श्रवण, मनन, निदिध्यासन. शब्द जड वाटतात, म्हणून आपल्या पऱ्हाटीवरून सांगतो. बोंड फुटलं, कापूस वेचला, गाठोडं घरी आणलं. झालं का धोतर? नाही. आधी सरकी वेगळी काढावी लागते, मग पिंजावं लागतं, सूत काढावं लागतं, विणावं लागतं. तेव्हा कुठं थंडीत अंगावर घ्यायला वस्त्र मिळतं. श्रवण म्हणजे वेचणी. मनन म्हणजे सरकी काढणं. माझ्या कामाचं काय, मला लागू काय, हे वेगळं करणं. आणि निदिध्यासन म्हणजे विणणं. तोच विचार पुन्हा पुन्हा आडवा-उभा घालत राहणं, जोवर तो अंगावर घेण्याजोगा होत नाही. आपण काय करतो? वेचणी दणक्यात करतो, गाठोड्यावर गाठोडं रचतो, आणि थंडी वाजली की उघडे ते उघडेच. वर म्हणतो, इतकी पारायणं केली, उपयोग काही झाला नाही!

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे प्रकार सांगितले. शरीराचं तप, वाणीचं तप, मनाचं तप. त्यात स्वाध्यायाचा अभ्यास वाणीच्या तपात घातला आहे. आणि त्याच्या शेजारी काय ठेवलं आहे? कुणाला न दुखवणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं. म्हणजे ज्या तोंडानं पोथी वाचायची, त्याच तोंडानं गोड आणि खरं बोलायचं. दोन्ही मिळून एक तप. सकाळी पोथी आणि दुपारी शिव्या, हे अर्धंच तप झालं.

"वावर वेगळं" म्हणणाऱ्याला तैत्तिरीय उपनिषदानं याहून स्पष्ट उत्तर दिलं आहे. त्याच्या शिक्षावल्लीत कर्तव्यांची एक यादी येते. सत्यानं वागा, आणि स्वाध्याय-प्रवचनही करा. तप करा, आणि स्वाध्याय-प्रवचनही. पाहुण्याचा आदर करा, आणि स्वाध्याय-प्रवचनही. मुलंबाळं, नातवंडं सांभाळा, आणि स्वाध्याय-प्रवचनही. प्रत्येक कामाच्या जोडीला अभ्यास बांधून दिला आहे, जशी बैलाला बैलाची जोडी. एकटा प्रपंच ओढू नका आणि एकटी पोथीही ओढू नका. आणि पुढं शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू बजावतात की अभ्यासात हयगय करू नकोस. शाळा सुटली, पण अभ्यास सुटला नाही!

आता कुणी आजोबा म्हणतील, "महाराज, आमाले वाचता येत नाई. आमी काय करावं?" कुणी आजी म्हणतील, "डोयाले दिसत नाई आता." त्यांच्यासाठी आपल्या वऱ्हाडातलंच उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीला १८८१ साली एका शेतकरी घरात मूल जन्मलं. नऊ महिन्यांचं असताना त्याची दृष्टी गेली. पुढं तेच मूल माधानचे संत गुलाबराव महाराज झाले. प्रज्ञाचक्षू म्हणतात त्यांना. बुद्धी हेच ज्यांचे डोळे! अक्षर कसं दिसतं हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी वेदान्त जाणला, भक्तिशास्त्र जाणलं, परदेशी विद्वानांच्या मतांचाही समाचार घेतला. कसं? दुसऱ्याकडून वाचून घेऊन. कोणी वाचायचं, ते ऐकायचे, मनात साठवायचे, विचार करायचे, आणि सांगायचे ते दुसरे लिहून घ्यायचे. असे लहान-मोठे शंभराहून अधिक ग्रंथ झाले. स्वतःला ते ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवत. १९०१ साली आळंदीत माउलींनी त्यांच्यावर अनुग्रह केला अशी भाविकांची श्रद्धा आहे. १९१५ साली पुण्यात त्यांनी देह ठेवला. आयुष्य किती? अवघं ३४ वर्षांचं.

आता मला सांगा, डोळे असून पोथी फडक्यात बांधून ठेवणारे आपण, आणि डोळे नसताना एवढं ऐकणारे ते. आंधळं कोण? पण यात आणखी एक गोष्ट आहे, ती सुटू देऊ नका. महाराजांना वाचून दाखवणारा कुणीतरी होता. त्या वाचणाऱ्याचंही पुण्य केवढं! तुमच्या घरात म्हातारी आई असेल, शाळेत जाणारी नात असेल, तर रोज संध्याकाळी त्या नातीनं आजीला दहा ओव्या वाचून दाखवाव्या. नातीचं वाचन सुधारेल, आजीचं श्रवण होईल. आणि अर्थ बहुतेक आजीच सांगेल, कारण जगणं तिनं पाहिलं आहे. गीतेच्या शेवटी भगवंत म्हणतात की जो हा संवाद अभ्यासतो तो ज्ञानयज्ञानं माझी पूजा करतो. आणि लगेच पुढं म्हणतात की जो श्रद्धेनं नुसता ऐकतो, तोही मुक्त होतो. ऐकणाऱ्याला देवानं बाहेर ठेवलं नाही.

अशीच एक ऐकणारी आई होती. रुक्मिणीबाई भावे. गीता समजावी अशी तिला फार ओढ. संस्कृत येत नव्हतं. मुलानं मराठी श्लोकबद्ध गीता आणून दिली, तीही अवघड वाटली. तेव्हा आई मुलाला म्हणाली, मग तूच का करत नाहीस सोपी? तो मुलगा म्हणजे विनोबा. आई १९१८ साली गेली. तिचं मागणं मात्र मुलाच्या मनातून गेलं नाही. १९३० साली वर्ध्याला त्यांनी लिहायला घेतलं आणि १९३१ साली गीताई पूर्ण झाली. आईच्या मागण्यातून गीता मराठी झाली, म्हणून नावातच आई आली. आज वर्ध्याला गीताई मंदिरात ती शिळांवर कोरलेली आहे. यवतमाळहून वर्धा काही लांब नाही, एकदा जाऊन बघा.

पुढं १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं कैद्यांपुढं त्यांनी गीतेवर प्रवचनं केली. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट. दर रविवारी एक अध्याय, असे १८ रविवार. लिहून कोण घेत होतं? साने गुरुजी. त्यातून गीता प्रवचने हा ग्रंथ झाला. आता यातलं आपल्या कामाचं काय? गीतेचे अठरा अध्याय एका बैठकीत म्हणून होतात. तिथं अठरा आठवडे लागले. एक अध्याय ऐकायचा आणि मग सहा दिवस तो सोबत घेऊन चक्कीवर दळायचं, रस्सी वळायची, जे काम वाट्याला येईल ते करायचं. वेचणी एक दिवस आणि विणकाम सहा दिवस. तुरुंगातल्या माणसाला जर हे जमतं, तर मोकळ्या माणसाला का जमू नये?

वाचताना आणखी एक पथ्य आहे, ते नाथ महाराजांनी घालून दिलं. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला सांगून झाली. पुढं जवळजवळ तीनशे वर्षं लोक हातानं उतरवून घेत राहिले. उतरवताना कुणाचा शब्द सुटला, कुणी आपल्या पदरचं घातलं. एकनाथ महाराजांनी त्या प्रती मिळवून, पाठ ताडून, १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. जे स्वतः भागवतावर एवढा मोठा ग्रंथ लिहू शकतात, त्यांनी माउलींच्या एकेका शब्दासाठी डोळे शिणवले! यातून आपण काय घ्यावं? पोथीत जे आहे ते वाचावं. आपल्याला जे हवं आहे ते पोथीच्या तोंडी घालू नये. भावाला बोलायला, सुनेला टोचायला, शेजाऱ्याला हिणवायला ओवी वापरली की पाठ अशुद्ध झाला समजा, मग उच्चार कितीही शुद्ध असो. आणि अर्थ लागला नाही तर विचारावं. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याची रीत सांगितली आहे, ती नम्र होण्याची, पुन्हा पुन्हा विचारण्याची आणि सेवेची. विचारण्यात लाज नाही. अर्जुनानं विचारलं म्हणून तर गीता झाली.

आता रोज किती वाचायचं? इथं हिशोबच मांडू, म्हणजे वेळ नाही म्हणायला जागा उरणार नाही.

ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९०००. रोज २५ वाचल्या तर ३६० दिवसांत, म्हणजे वर्षात एक आवृत्ती. गीताईचे श्लोक ७००. रोज दोन म्हटले तरी वर्षाच्या आत पूर्ण. दासबोधात २० दशक, प्रत्येकात १० समास, म्हणजे २०० समास. रोज एक घेतला तर सात महिने लागत नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता ४१ अध्यायांची. आठवड्याला एक अध्याय देवळात सगळ्यांनी मिळून वाचला तरी वर्ष संपायच्या आत होते. आणि ग्रामगीता तर आपल्या गावाचीच पोथी आहे. स्वच्छता, श्रम, आरोग्य, शिक्षण, सगळं तिच्यात आहे. अध्याय वाचून झाला की त्यातलं एक काम गावात करायचं. हेच निदिध्यासन.

पण एक सांगतो. आकडा आपल्यासाठी आहे, आपण आकड्यासाठी नाही. पेरणीचे दिवस आहेत, वेचणीची घाई आहे, अंग दुखून आलं आहे, त्या दिवशी पाच ओव्या वाचा. पाच नाही, तर एक. पण ती एक सोडू नका. अन् त्या एकीचा एखादा शब्द पदरात बांधून वावरात न्या. डवरणी करताना, रस्त्यानं चालताना, पाणी भरताना तो आठवा. समर्थांनी अखंड वाचनाचा आग्रह धरला आहे; खंड पडू न देणं ही त्यातली खरी गोम. वारकरी पंढरीला पोचतो तो धावून नाही. रोजचा मुक्काम रोज गाठतो म्हणून पोचतो. दिंडीत चाललेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. वाचनाचीही अशी वारी करायची.

आणि जमलं तर एकट्यानं वाचू नका. का, ते आता सांगतो. हे जरा जड आहे, पण या जिल्ह्यात बोलायचं आणि हे टाळायचं, असं होत नाही.

गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव काय? अर्जुनविषादयोग. एवढा मोठा वीर, पण त्याचं अंग कापतं, तोंडाला कोरड पडते, हातातून धनुष्य गळतं, आणि तो रथात मटकन बसतो. त्याला पुढचं काही दिसत नाही. माउली, ही अवस्था आपल्याला परकी आहे का? पाऊस दगा देतो, पऱ्हाटीवर बोंडअळी येते, भाव पडतो, कर्जाचा कागद घरी येतो, लेकीचं लग्न तोंडावर असतं. माणूस असाच मटकन बसतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यानं किती घरांत हे दुःख पाहिलं, ते मी सांगायला नको.

पण अर्जुनानं त्या क्षणी एक गोष्ट केली. तो बोलला. आपलं सगळं दुःख, भीती, गोंधळ त्यानं शेजारी बसलेल्या कृष्णाला सांगितलं. लपवलं नाही. "मी एवढा मोठा, मी कसं सांगू" असं म्हटलं नाही. आणि कृष्णानं काय केलं? एका वाक्यात उडवून लावलं नाही. अठरा अध्याय त्याच्याजवळ राहिला. त्याचे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकून घेतले. गीतेच्या दाराशी पाऊल ठेवताच मिळणारं शहाणपण हेच : विषादात पडलेल्यानं बोलावं, आणि जवळच्यानं सोबत सोडू नये.

पोथी कर्ज फेडत नाही, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगतो. कर्जासाठी बँकेत, कचेरीत जावंच लागतं. मन फारच खचलं तर डॉक्टरकडे जावंच लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. पण रोज संध्याकाळी देवळात दहा माणसं पोथीला बसत असतील, तर अकराव्या दिवशी एक जागा रिकामी दिसते. "अरे, आज तो आला नाही. कालही आला नव्हता." चार जण त्याच्या घरी जातात. ओट्यावर बसतात. पोथीचं नावही काढत नाहीत, नुसतं "काय झालं भाऊ?" म्हणून विचारतात. माउली, त्या रात्रीपुरता तोच अठरावा अध्याय. आणि जो एकटा बसला आहे, त्याच्या मनात वर्षभर ऐकलेली एखादी ओवी असेल तर ती अशा वेळी वर येते. विहीर उन्हाळ्यात खणून भागत नाही, आधी खणून ठेवावी लागते. नित्यपाठ म्हणजे ही आधी खणलेली विहीर. अडाण नदीच्या काठी राहणाऱ्यांना पाण्याची किंमत मी काय सांगू?

आता शेवटचं, आणि निरूपण पुरं करतो. सगळी गीता सांगून झाल्यावर भगवंतांनी अर्जुनाला एक प्रश्न केला. किती श्लोक पाठ झाले, हे विचारलं नाही. विचारलं ते असं, की तू हे एकाग्र मनानं ऐकलंस ना? तुझा अज्ञानातून आलेला मोह गेला का? आणि अर्जुनानं उत्तर दिलं, मोह गेला, भान परत आलं, संशय राहिला नाही, आता तू सांगशील तसं करतो. मग त्यानं धनुष्य उचललं. कामाला लागला.

देवानं घातलेली ही परीक्षा रोज पोथी फडक्यात बांधताना स्वतःला घालायची. आज मनापासून ऐकलं का? आणि कशाचा तरी मोह थोडासा कमी झाला का? हातभर धुऱ्याचा? मानपानाचा? "माझी इतकी पारायणं झाली" या मोजदादीचा? उत्तर "नाही" आलं तरी घाबरू नका. नारदालाही आधी "शोक होतो" असंच म्हणावं लागलं होतं. उद्या पुन्हा बसा, पुन्हा तीच ओवी वाचा. आणि ज्या दिवशी तुम्ही धुऱ्यावर उभे राहून भावाला म्हणाल, "घे बापा, तूच मोजून घे, तू म्हणशील ते मला कबूल," त्या दिवशी पोथी आणि वावर एक झालं समजा. त्या पारायणाची नोंद वहीत करू नका. ती पांडुरंगाकडे झालेली असते.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!